नॉर्मल वितरणाचे आकडे झटपट हवेत? आधी शेपूट तपासा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपसाठी तुम्ही असेंब्लीच्या टॉलरन्सचं (मापात चालणाऱ्या फरकाचं) सिम्युलेशन लिहिताय. एका असेंब्लीत पाच भाग, प्रत्येकाचं माप नॉर्मल वितरणातलं (घंटेच्या आकाराचं: बहुतेक आकडे सरासरीजवळ, टोकाला विरळ) धरलंय, आणि 1 कोटी असेंब्ल्या जुळवून किती नापास होतात ते बघायचंय. म्हणजे एका रनला 5 कोटी नॉर्मल संख्या. सी प्लस प्लस, विंडोज, व्हिज्युअल स्टुडिओ. एक संख्या काढायला तुम्ही रँड फंक्शन बारा वेळा बोलावता, 0 ते 1 मधल्या बारा संख्यांची बेरीज करता आणि त्यातून 6 वजा करता. रनला 40 सेकंद लागतात. ऑफिसातले सिनियर म्हणतात नॉर्मल संख्या काढायची बॉक्स-मुलर पद्धत लाव, तुम्ही कुठंतरी झिगुरात या दुसऱ्या पद्धतीचं नाव वाचलंय, आणि विचारताय की यातली सगळ्यात जलद कोणती.

एका शब्दात उत्तर हवं असेल तर झिगुरात. साध्या प्रोसेसरवर, आकड्यांच्या दर्जाला धक्का न लावता, तिच्या पुढं जाणारी पद्धत सहसा सापडत नाही. पण एवढंच ऐकून तुम्ही दोन दिवस घालून ती लिहिलीत आणि 40 चे 30 सेकंद झाले, तर माझ्या नावानं बोटं मोडाल. कारण तुमचे 40 सेकंद पद्धतीत जात नाहीयेत असा माझा दाट संशय आहे. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुमच्या कोडमधला खरा घोटाळा वेगाचा नाहीच, शेपटाचा आहे, म्हणजे सरासरीपासून खूप दूरच्या विरळ आकड्यांचा.

आधी वेगाचा हिशोब करू. 5 कोटी संख्या, प्रत्येकीला 12 रँड, म्हणजे 60 कोटी कॉल. आजच्या साध्या लॅपटॉपलाही यासाठी 40 सेकंद लागायला नकोत. व्हिज्युअल स्टुडिओ नवा प्रोजेक्ट डीबग मोडमध्ये (चुका शोधायचा, संथ चालणारा) उघडतो आणि बहुतेक नवी मंडळी तो तसाच चालवतात. वरच्या पट्टीत डीबगच्या जागी रिलीज करा आणि पुन्हा घड्याळ लावा. तेवढ्यानं भागलं नाही तर लूपच्या आत फाइलमध्ये किंवा स्क्रीनवर काही लिहिलं जातंय का ते बघा. दर असेंब्लीची एक ओळ सीएसव्हीत टाकत असाल तर सगळा वेळ तिथंच खर्च होतो, मग संख्या कुठल्या पद्धतीनं आल्या याला काही अर्थ उरत नाही. माझ्याकडे ही तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांचं काम या दोन गोष्टींतच होऊन जातं.

मग येतं ते रँड फंक्शन. मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीतलं रँड 0 ते 32767 एवढेच पूर्णांक देतं, म्हणजे 15 बिट. आणि त्याचं चक्र 2 चा 31 वा घात, साधारण 214 कोटी कॉलनंतर आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू. तुम्ही एका रनला 60 कोटी वापरताय. एकाच प्रोग्रॅममध्ये पाच डिझाइनची तुलना केलीत तर चौथ्या डिझाइनच्या अधेमध्ये पहिल्याचेच आकडे परत फिरायला लागतात. नॉर्मल पद्धत कुठलीही घ्या, खालचा माल असा असेल तर वरची कारागिरी वाया जाते. फाउंड्रीवाल्यांना हे सांगावं लागत नाही: वाळू खराब असेल तर पॅटर्न कितीही सुबक असो, कास्टिंगला भोकं पडणारच. तेव्हा रँडच्या जागी चांगला जनरेटर, म्हणजे मर्सेन ट्विस्टरची 64 बिटवाली आवृत्ती, पीसीजी किंवा झोशिरो यांपैकी एक घ्या. मर्सेन ट्विस्टर सी प्लस प्लसच्या लायब्ररीतच आहे. फक्त तो दर कॉलला नव्यानं तयार करू नका. त्याची अंतर्गत अवस्था अडीच किलोबाइटची असते, आणि दर आकड्याला ती नव्यानं भरत बसलात तर 40 सेकंद बरे होते असं म्हणायची पाळी येईल.

आता थोडं आगाऊपणे विचारतो. तुम्हाला सिम्युलेशन हवंच आहे का? पाच भाग सरळ एकावर एक रचले जात असतील, मापं एकमेकांपासून स्वतंत्र असतील आणि सगळी खरोखर नॉर्मल असतील, तर बेरीजही नॉर्मलच असते. सरासऱ्यांची बेरीज करा, सिग्मांच्या (सिग्मा म्हणजे मापं सरासरीभोवती किती पसरतात त्याचं मोजमाप) वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा, झालं. प्रत्येकाचा सिग्मा 0.010 मिमी असेल तर एकूण सिग्मा 0.0224 मिमी. त्यावरून नापासाचं प्रमाण कॅल्क्युलेटरवर निघतं, आणि ते सिम्युलेशनपेक्षा अचूक असतं.

सिम्युलेशन लागतं ते वास्तव एवढं सरळ नसतं तेव्हा. आपल्याकडच्या शॉपमध्ये हे असंच असतं. बोरिंगचा इन्सर्ट (कापणारं टोक) झिजत जातो, बोर म्हणजे आतलं भोक लॉटागणिक थोडं थोडं लहान होतं, मग ऑपरेटर ऑफसेट देतो, म्हणजे हत्याराची जागा सुधारतो आणि बोर पुन्हा वर उडी मारतो. दिवसभराची मापं कागदावर काढलीत तर करवतीचे दात दिसतात, घंटा नाही. शिवाय पुढं गो-नो गो गेज (माप मर्यादेत आहे का एवढंच सांगणारं) लावून टोकाचे भाग गाळलेले असतात, म्हणजे असेंब्लीपर्यंत पोचणारी घंटा दोन्ही बाजूंनी कापलेली असते. यातलं काही तुमच्या मॉडेलमध्ये असेल तर पुढं वाचा. नसेल तर चहा घ्या आणि वरचा वर्गमुळाचा हिशोब करा.

बारा संख्यांच्या बेरजेकडे वळू, कारण तुमचं दुखणं तिथं आहे. बाराच का? 0 ते 1 मधल्या एकसमान (प्रत्येक आकडा सारख्याच शक्यतेचा) संख्येचं व्हेरिअन्स, म्हणजे सिग्माचा वर्ग, 1/12 असतं, बारा मिळवल्या की नेमकं 1 होतं, म्हणून. कुठलं वर्गमूळ नाही, लॉगॅरिदम नाही, शाळेतल्या मुलालाही लिहिता येईल. आणि मध्यभागी ही पद्धत इतकी छान दिसते की हिस्टोग्रॅम बघून कोणालाही शंका येत नाही. पण तुम्ही नापास भाग मोजताय ना? मग तुम्हाला मध्यभागाशी देणंघेणंच नाही. तुमचा सगळा निकाल शेपटात आहे.

शेपटात काय होतं ते हातानं काढता येतं. बारा संख्यांची बेरीज 1 च्या खाली येण्याची शक्यता 1 भागिले 12 चं फॅक्टोरिअल, म्हणजे सुमारे 48 कोटींत एकदा. ही झाली उणे 5 सिग्माची बाजू. खऱ्या नॉर्मलमध्ये त्या पलीकडे जाण्याची शक्यता साधारण 35 लाखांत एकदा. म्हणजे 5 सिग्मापाशी तुमची पद्धत शंभराहून जास्त पटींनी कमी माल देते. 4 सिग्माच्या बाहेर, दोन्ही बाजू धरून, 1 कोटी संख्यांत खऱ्या नॉर्मलच्या सुमारे 633 असायला हव्यात. बारांच्या बेरजेतून सुमारे 170 मिळतात. 3 सिग्माच्या बाहेर 27,000 च्या जागी 20,000. आणि 6 च्या पलीकडे काहीच नाही, कारण बारा संख्यांची बेरीज 12 च्या वर जाऊच शकत नाही.

प्रामाणिकपणे एक गोष्ट तुमच्या बाजूनं सांगायला हवी. तुम्ही पाच भाग मिळवताय. पाचही भागांचा सिग्मा सारखा असेल तर एकूण बेरजेत 60 एकसमान संख्या येतात आणि तूट बरीच भरून निघते. 4 सिग्मापाशी ती साधारण सहाव्या हिश्श्याइतकी उरते. पण पाचांत एक भाग कच्च्या कास्टिंगचा आणि बाकीचे ग्राइंडिंग केलेले असतील, तर त्या एकाचाच सिग्मा सगळ्यांवर भारी पडतो आणि तुम्ही जवळजवळ मूळच्या बारावर परत येता. पीपीएममध्ये (दहा लाखांत किती) रिजेक्शन सांगणाऱ्या रिपोर्टला हे चालणार नाही. खेळासाठी, ग्राफिक्ससाठी, मुलांना मध्यवर्ती सीमा प्रमेय (पुष्कळ संख्यांची बेरीज नॉर्मलकडे झुकते ते) शिकवण्यासाठी खुशाल वापरा.

तुमचे सिनियर म्हणतात ती बॉक्स-मुलर 1958 ची. जॉर्ज बॉक्स आणि मर्व्हिन मुलर या दोघांची. तिची कल्पना मला अजून आवडते. नेमबाजीचं टार्गेट डोळ्यापुढं आणा. कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको, 2024 ला पॅरिसमध्ये आपल्या स्वप्निल कुसाळेनं कांस्य मिळवलं तेव्हापासून 50 मीटर थ्री पोझिशन म्हणजे काय हे पानपट्टीवरही कळतं. गोळी मध्यापासून डाव्या-उजव्या बाजूला किती सरकली आणि वर-खाली किती सरकली, हे दोन्ही सारख्या सिग्माचे स्वतंत्र नॉर्मल आहेत असं धरा. मग गोळी मध्यापासून कुठल्या दिशेला लागली ते पूर्ण एकसमान असतं, आणि मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग घातांकी वितरणाचा असतो. या दोन्ही गोष्टी एकसमान संख्यांतून सहज काढता येतात. बॉक्स-मुलर हेच उलट दिशेनं करते: पहिल्या संख्येतून अंतर काढा, म्हणजे लॉगॅरिदमला उणे 2 नं गुणून वर्गमूळ, दुसरीतून कोन काढा, मग त्या बिंदूचे आडवे-उभे निर्देशांक हेच तुमचे दोन नॉर्मल. यात अंदाजपंचे काही नाही, गणित नेमकं आहे.

तुमच्या 5 कोटींसाठी तिला 5 कोटी एकसमान संख्या, अडीच कोटी लॉगॅरिदम, तेवढीच वर्गमुळं, आणि तेवढेच साइन-कोसाइन लागतात. 60 कोटी रँड कॉलच्या मानानं हे फायद्याचं आहे. पण सिनियरांच्या सांगण्यावरून तुम्ही जुन्या रँडवरच बॉक्स-मुलर चढवलीत तर काय होईल बघा. रँड शून्य देऊ शकतं, शून्याचा लॉगॅरिदम काढलात की उत्तर अनंत, आणि पुढची सगळी सरासरी बाद. म्हणून शून्य टाळून घ्यायचं. मग सगळ्यात लहान संख्या साधारण 32768 वा भाग. तिचा लॉगॅरिदम घेऊन पुढचं गणित केलं तर मिळणारी जास्तीत जास्त नॉर्मल संख्या 4.56. त्याच्या पुढं तुमचा प्रोग्रॅम हजार वर्षं चालला तरी काही येणार नाही! 32 बिटांच्या संख्येत हीच मर्यादा 6.66, आणि 53 बिटांत 8.57. म्हणजे बॉक्स-मुलरचं शेपूट तुमच्या एकसमान संख्येत किती बिट आहेत यावर तुटतं. 53 बिट असतील तर तुमच्या कामाला पुरून उरतं.

आणखी एक जुनी खोड. साध्या गुणाकारी जनरेटरचे लागोपाठचे दोन आकडे एकमेकांना बांधलेले असतात, आणि असे दोन आकडे बॉक्स-मुलरमध्ये घातले तर बिंदू टार्गेटवर विखुरण्याऐवजी एका सर्पिल रेषेवर जाऊन बसतात. यानं शेपटात कशी गडबड होते ते नीव्ह यांनी 1973 मध्येच दाखवलं होतं.

साइन-कोसाइन टाळायचे असतील तर पोलर पद्धत. 1964 मध्ये मार्साग्लिया आणि ब्रे यांनी दिली. उणे 1 ते 1 मधल्या दोन संख्या घ्यायच्या, वर्गांची बेरीज करायची, ती 1 च्या आत नसेल तर फेकून द्यायचं आणि नवी जोडी घ्यायची. चौरसातल्या वर्तुळाचं क्षेत्रफळ चौरसाच्या 78.5 टक्के, त्यामुळं सरासरी 1.27 जोड्या लागतात. एक उदाहरण हातानंच करू. समजा 0.3 आणि उणे 0.5 मिळाले. वर्गांची बेरीज 0.34, वर्तुळाच्या आत आहे, चालेल. 0.34 चा नैसर्गिक लॉगॅरिदम उणे 1.0788. त्याला उणे 2 नं गुणलं, 2.1576. 0.34 नं भागलं, 6.346. वर्गमूळ 2.519. आता यानं दोन्ही मूळ संख्यांना गुणा: 0.756 आणि उणे 1.260. या झाल्या दोन नॉर्मल संख्या. तुमचा बोर 40 मिमीचा आणि सिग्मा 0.008 असेल तर एक भाग 40.006 चा, दुसरा 39.990 चा. एका लॉगॅरिदमात, एका वर्गमुळात दोन भाग तयार.

सी प्लस प्लसच्या लायब्ररीत जे नॉर्मल डिस्ट्रिब्युशन आहे ते मायक्रोसॉफ्टकडे आणि जीसीसी या दुसऱ्या कंपायलरकडे, दोन्हीकडे आतून पोलर पद्धतच आहे. तेव्हा तुम्हाला ही लिहायचीही गरज नाही. मात्र ते ऑब्जेक्ट लूपच्या बाहेर एकदाच तयार करा. जोडीतला दुसरा आकडा ते पुढच्या कॉलसाठी सांभाळून ठेवतं. दर वेळी नवं ऑब्जेक्ट केलंत तर निम्मी मेहनत कचऱ्यात. आणि भाषेच्या प्रमाणकात नॉर्मलसाठी कुठली पद्धत वापरायची हे ठरवून दिलेलं नाही, त्यामुळं एकच सीड (आकड्यांची सुरुवात ठरवणारी संख्या) देऊनही दोन कंपायलरवर तेच आकडे येतील याची खात्री धरू नका. ऑडिटला रिपोर्ट पुन्हा काढून दाखवायचा असेल तर हे आधीच लक्षात घ्या.

आता झिगुरात. मार्साग्लिया आणि त्सांग यांनी 2000 मध्ये आजच्या रूपात मांडली. नाव मेसोपोटेमियातल्या पायऱ्यांच्या मंदिरांवरून आलंय, पण तुम्ही पंचगंगेचा घाटच डोळ्यापुढं आणा. घंटेचा अर्धा भाग घ्या आणि त्यावर आडव्या पायऱ्या रचा, खाली रुंद, वर अरुंद. घाटाच्या पायऱ्यांची उंची सारखी असते. इथं उंची सारखी नाही, क्षेत्रफळ सारखं आहे. सगळी मेख तिथं आहे. 256 पायऱ्या केल्या आणि सगळ्यांचं क्षेत्रफळ सारखं ठेवलं, की पायरी निवडायला फक्त 8 बिट पुरतात, फाशाचा एक फेकाच म्हणा. मग त्या पायरीच्या रुंदीत एक एकसमान बिंदू घ्यायचा. तो वरच्या पायरीच्या रुंदीच्या आत पडला तर तो नक्की वक्राच्या खालीच आहे, काही तपासायचं नाही, तोच तुमचा आकडा. जवळजवळ 99 टक्के वेळा असंच होतं: तक्त्यातून एक वाचन, एक गुणाकार, एक तुलना. लॉगॅरिदम नाही, वर्गमूळ नाही. उरलेल्या वेळी बिंदू पायरीच्या टोकाशी पडतो, तिथं वक्राची खरी उंची काढून बघावं लागतं. आणि अगदी तळाच्या पायरीत, 3.654 च्या पलीकडे, शेपटासाठी वेगळी छोटी युक्ती आहे, जी नेमकी आहे. शेपूट कापलं जात नाही. तक्ते काही किलोबाइटचे, प्रोसेसरच्या पहिल्या कॅशमध्ये आरामात मावतात.

मग सगळे झिगुरातच का वापरत नाहीत? बरेच वापरतात. पायथनच्या नमपाय लायब्ररीचा नवा जनरेटर, ज्युलिया आणि गो या भाषा, सगळ्यांत हीच आहे. पण ती स्वतः हातानं लिहिताना पाय घसरायच्या जागा आहेत. मूळच्या कोडमध्ये एकाच 32 बिटांच्या आकड्यातून पायरीही निवडली जायची आणि बिंदूही, म्हणजे कुठली पायरी हे कळलं की आकड्याचे शेवटचे बिट आधीच ठरलेले. डूर्निक यांनी 2005 मध्ये हे दाखवून सुधारित रूप दिलं. त्याच वर्षी दुसऱ्या एका टिपणात त्या कोडसोबतचा एकसमान जनरेटर फार छोट्या चक्राचा असल्याचं निघालं. नेटवर आजही जे झिगुरात कोड फिरतंय त्यात बऱ्याचदा ते जुनंच असतं. 64 बिटांचा आकडा घ्या, 8 बिट पायरीला, 1 चिन्हाला, 53 बिंदूला, म्हणजे हा प्रश्न सुटतो. ग्राफिक्स कार्डावर चालवणार असाल तर मात्र बॉक्स-मुलरकडे परत या. तिथं बत्तीस-बत्तीस धागे एका पावलात चालतात, एकाचा आकडा फेकला गेला की बाकीचे एकतीस उगाच थांबतात. ज्या पद्धतीत कुणालाच परत फिरावं लागत नाही तीच तिथं बरी.

एक पद्धत तुम्ही विचारली नाहीत, पण तुमच्या गेजच्या कामासाठी मी तीच घेईन: संचयी वितरणाचा व्यस्त. एक एकसमान संख्या घ्या, घंटेखालचं डावीकडचं तेवढं क्षेत्रफळ जिथं भरतं तो बिंदू हाच नॉर्मल आकडा. सरळ सूत्र नाही, पण विचुरा यांचं 1988 चं अल्गोरिदम साधारण 16 अंकांपर्यंत अचूक देतं, आणि आर भाषेत नॉर्मलसाठी मुळात हीच व्यस्त पद्धत लावलेली असते. वेगात ही झिगुरातच्या मागं राहते. पण एक आकडा आत, एक आकडा बाहेर, आणि आत मोठा तर बाहेर मोठा, हा सरळपणा फार उपयोगी पडतो. गेजनं प्लस-मायनस अडीच सिग्माच्या बाहेरचे भाग गाळलेत? मग एकसमान संख्या 0 ते 1 मध्ये न घेता 0.00621 ते 0.99379 मध्ये घ्या. कापलेली घंटा तयार, एकही आकडा न फेकता. फक्त उजव्या शेपटात खोल जायचं असेल तर डाव्या बाजूनं काढा आणि चिन्ह बदला. 1 च्या अगदी जवळ संगणकाचे दशांश 0 च्या जवळच्या इतके बारीक नसतात.

वेगासाठी तुम्ही थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) वापरणार असाल तर माझा फजितीचा किस्सा ऐका. काही वर्षांपूर्वी एका फाउंड्रीसाठी असंच रिजेक्शनचं सिम्युलेशन केलं होतं. आठ कोर, आठ थ्रेड, प्रत्येकाचा स्वतंत्र जनरेटर, आणि प्रत्येकाला सीड घड्याळातल्या सेकंदाचं. रिपोर्ट झोकात नेऊन दिला. तिथले क्वालिटीचे काका चष्मा सरकवून कागद बघत बसले, पेन्सिलनं काहीतरी भागाकार केले आणि म्हणाले, "सायेब, ह्ये सगळं आकडं आठानं कसं काय भाग जातंय?" 184, 96, 232. खरंच सगळ्यांना आठानं भाग जात होता. आठही थ्रेड एकाच सेकंदात सुरू झाले होते, सगळ्यांचं सीड तेच, आठही जण तेच आकडे मोजत होते. मी आठपट नमुना घेतला असं समजत होतो, प्रत्यक्षात एकच नमुना आठदा मोजला होता. तेव्हापासून सीड एकच देतो, तोही लिहून ठेवतो, आणि थ्रेडना वेगवेगळ्या प्रवाहांत सोडतो: पीसीजीमध्ये प्रवाहाचा क्रमांक बदलून, झोशिरोमध्ये उडी मारायचं फंक्शन वापरून.

अजून एक हिशोब, कारण त्यावरून वेगाची खरी किंमत कळते. समजा तुमचं खरं रिजेक्शन 5 पीपीएम आहे. 1 कोटी असेंब्ल्यांत साधारण 50 नापास येतील, आणि या आकड्याचा स्वतःचाच डळमळाट 50 चं वर्गमूळ, म्हणजे 7. चूक 14 टक्के. जनरेटर दुप्पट जलद करून 2 कोटी असेंब्ल्या केल्यात तर चूक 10 टक्क्यांवर येते, त्याहून खाली नाही. एवढ्या विरळ घटनेसाठी मी जनरेटरच्या मागं लागत नाही. सरासरी मुद्दाम नापासाच्या बाजूला सरकवून आकडे काढतो आणि प्रत्येक आकड्याला दोन घंटांच्या उंचीच्या गुणोत्तराचं वजन देतो. तेवढ्याच वेळात चूक कितीतरी खाली येते. मात्र वजनं नीट लिहिली नाहीत तर उत्तर पूर्ण चुकतं आणि दिसायला छानच दिसतं, तेव्हा आधी एका भागावर, जिथं उत्तर कॅल्क्युलेटरवर काढता येतं तिथं, पडताळून घ्या.

तर तुमच्या जागी मी काय करेन? आज रिलीज बिल्ड आणि लूपमधलं लिखाण बंद, मग घड्याळ. रँड काढून मर्सेन ट्विस्टरची 64 बिट आवृत्ती आणि लायब्ररीतलं नॉर्मल डिस्ट्रिब्युशन, दोन्ही लूपच्या बाहेर. बहुधा एवढ्यावर तुम्ही थांबाल. प्रोफायलर (वेळ कुठं जातो ते दाखवणारं साधन) लावून अजूनही सगळ्यात जास्त वेळ नॉर्मल संख्यांतच जातोय असं दिसलं, तरच झिगुरात. गेजनं गाळलेले भाग असतील तिथं व्यस्त पद्धत.

आणि रिपोर्ट देण्याआधी एकाच भागाच्या 1 कोटी संख्या काढून फक्त बाहेरचे आकडे मोजा. 2 सिग्माच्या बाहेर साधारण 4 लाख 55 हजार, 3 च्या बाहेर 27 हजार, 4 च्या बाहेर 633, त्यात पंचवीसेकांचा पुढं-मागं फरक चालेल. 5 च्या बाहेर पाच-सहा. चौथ्या घाताची सरासरी 3 च्या अगदी जवळ यायला हवी. बारांच्या बेरजेत ती 2.9 येते. 4 सिग्माचा तुमचा आकडा 170 च्या आसपास आला, तर नवा कोड अजून चाललेलाच नाही, जुनी फाइल बिल्ड होतेय. प्रोजेक्ट क्लीन करून पुन्हा बिल्ड करा.